परवान्याच्या परीक्षेत गुण जातात ते नजरेचे!

पुणे : गाडी आठच्या आकड्यातून रेषेला न लागता बाहेर पडली आणि चढावर मागे घसरली नाही, की पक्के लायसन्स हातात पडले, अशी परवान्यासाठी अर्ज करणाऱ्या बहुतेकांची समजूत असते. त्यामुळे ‘ट्रायल’च्या आधीचे आठ-पंधरा दिवस उमेदवाराचे सारे लक्ष स्टिअरिंग किती वेळा फिरवायचे आणि क्लच कुठवर सोडायचा, या हिशेबात गुंतलेले असते. मात्र कायद्याने या चाचणीसाठी जी कसोटी ठरवून दिली आहे, ती नीट वाचली तर वेगळेच चित्र समोर येते. हातापायांच्या कौशल्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक भर तेथे चालकाच्या नजरेवर दिलेला आहे. मैदानावर गुण घालविणारी न पाहण्याची सवय पुढे रस्त्यावर जीव घेणारी ठरते, म्हणूनच या चुकांकडे केवळ नापास होण्याचे कारण म्हणून पाहणे पुरेसे नाही.

पुण्यात चारचाकीची चाचणी गेली अनेक वर्षे भोसरीनजीक नाशिक फाटा येथील आयडीटीआर संस्थेच्या चाचणी मार्गावर, तर दुचाकीची चाचणी आळंदी रस्त्यावरील फुलेनगरच्या कार्यालयात घेतली जात आली आहे. या दोन्ही ठिकाणी येणाऱ्या उमेदवारांत महाविद्यालयीन तरुण असतात, नोकरीसाठी शहरात आलेले अभियंते असतात, तशाच मुलांना शाळेत सोडण्यासाठी पन्नाशीत गाडी शिकलेल्या आजीही असतात. प्रत्येकाच्या मनात धाकधूक मात्र एकाच गोष्टीची असते. ती म्हणजे चढ आणि आठचा आकडा.

कसोटी नेमकी काय?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील पंधराव्या नियमात चालक म्हणून पात्र ठरण्यासाठी उमेदवाराला काय काय करता आले पाहिजे, याची वीसहून अधिक कलमांची यादी दिलेली आहे. या यादीतील पहिलेच कलम आहे ते आरसा नीट लावून घेण्याचे. इंजिन सुरू करण्यापूर्वीची खबरदारी हे दुसरे. गिअर, क्लच, चढ यांचा उल्लेख त्यानंतर येतो. इशारा देण्यापूर्वी, दिशा बदलण्यापूर्वी, ओलांडून पुढे जाण्यापूर्वी आणि थांबण्यापूर्वी आरशात पाहिले पाहिजे, हे तर या यादीत पुन्हा पुन्हा बजावले आहे. चौकात शिरताना उजवीकडे, डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे पाहणे, सिग्नल अथवा पोलीस नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर पादचाऱ्याला आधी जाऊ देणे, इतर वाहनचालक, सायकलस्वार व पादचारी आता काय करतील याचा आधीच अंदाज घेणे, हेही तेथे आहे. शेवटी तर रस्त्यावरील इतरांशी सौजन्याने वागणे ही सुद्धा चालकाच्या पात्रतेची बाब मानली आहे.

आठचा आकडा आणि चढ या यादीतील थोड्याच कलमांची परीक्षा घेतात. उरलेल्या कलमांचा कस खऱ्या रस्त्यावर लागतो. परंतु आखीव मार्गावरही निरीक्षकाला उमेदवाराची नजर दिसतेच. गाडी हलविण्यापूर्वी मान वळते की नाही, ही गोष्ट लपून राहत नाही.

बसल्यापासून पहिल्या मिनिटात

चुकांची सुरुवात गाडी सुरू होण्याआधीच होते. आधीच्या उमेदवाराच्या उंचीप्रमाणे लावलेले आसन आणि आरसे तसेच ठेवून गाडी पुढे नेणे, ही चूक सर्रास घडते. आसन मागे राहिले तर क्लच पूर्ण दाबला जात नाही आणि मग ‘गिअर अडकतो’ अशी तक्रार होते. दोष गिअरचा नसतो, अंतराचा असतो. सीटबेल्ट विसरणे, गाडी गिअरमध्ये असताना चावी फिरविणे, हँडब्रेक न सोडताच अ‍ॅक्सिलरेटर दाबणे या चुका त्याच माळेतल्या. घाईने वाचविलेले हे अर्धे मिनिट पुढे संपूर्ण चाचणीवर परिणाम करते.

त्यानंतरची चूक अधिक गंभीर. उमेदवार उजवा इंडिकेटर देतो आणि लगेच गाडी बाहेर काढतो. इंडिकेटर दिला म्हणजे मागचा थांबेल, हे त्याने गृहीत धरलेले असते. इंडिकेटर ही इतरांना दिलेली सूचना असते, वाट मिळाल्याची पावती नव्हे. आरशात न दिसणारा एक पट्टा प्रत्येक मोटारीच्या दोन्ही बाजूंना असतो. उजव्या खांद्यावरून मागे एक नजर टाकल्याशिवाय त्या पट्ट्यातील दुचाकी दिसत नाही. पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात हा पट्टा क्वचितच रिकामा असतो.

क्लचचे गणित

आठच्या आकड्यात गाडी बंद पडते किंवा रेषेवर जाते, याचे कारण बहुधा स्टिअरिंग नसून वेग असतो. गाडी क्लचच्या ताब्यात, चालण्याच्या गतीने नेली, तर चाके वळविण्यास पुरेसा अवधी मिळतो. घाबरलेला उमेदवार मात्र क्लच एकदम सोडतो, गाडी उसळते, मग तो ब्रेक दाबतो आणि इंजिन बंद पडते. दुसरी चूक म्हणजे बॉनेटकडे किंवा जवळच्या रेषेकडे टक लावून पाहणे. नजर जेथे असते, तेथे गाडी जाते. वळणाच्या पुढील टोकाकडे पाहणाऱ्याचे हात आपोआप योग्य तेवढेच फिरतात. दुचाकीस्वारांबाबतही हेच घडते. पुढच्या चाकाकडे पाहत आठचा आकडा काढणाऱ्याचा तोल जातो आणि पाय जमिनीला टेकतो. हेल्मेट न घालताच दुचाकीच्या चाचणीला येणे ही तर चूक म्हणण्यापेक्षा बेफिकिरीच म्हणावी लागेल.

चढावरची चूक वेळेची असते. क्लच सोडताना इंजिनाचा आवाज किंचित जड होतो आणि गाडीचे नाक जरासे उचलते. इंजिनाने भार घेतल्याची ती खूण. त्यानंतर हँडब्रेक सोडायचा असतो. उमेदवार आधी हँडब्रेक सोडतो आणि मग क्लच शोधू लागतो. तोवर गाडी मागे घसरलेली असते. नियमात ‘मागे न घसरता’ असा स्पष्ट उल्लेख असल्याने येथे सवलत मिळण्याची अपेक्षा बाळगता येत नाही. सिंहगड रस्त्यावरील एखाद्या सोसायटीच्या तळघरातून गाडी वर काढताना मागे उभ्या असलेल्या मुलाला किंवा दुचाकीला ही सवलत कोण देणार, असा प्रश्न त्यामागे आहे.

या सगळ्यात ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचा एक मोठा वाटा असतो. या गाड्यांत शिक्षकाच्या पायाशीही क्लच-ब्रेकची सोय असते. सुरक्षिततेसाठी ती आवश्यकच आहे. पण पंधरा-वीस दिवस शिक्षकाच्या पायावर चाललेली गाडी आपणच चालवितो, असा भ्रम शिकणाऱ्याला होतो. चाचणीच्या दिवशी तो पाय नसतो आणि भ्रम पहिल्याच चढावर दूर होतो.

मागे घेताना आणि थांबताना

गाडी उलटी घेताना केवळ आरशावर विसंबणे ही नव्या उमेदवारांची नेहमीची चूक आहे. अलीकडच्या गाड्यांत मागचे दृश्य दाखविणारा कॅमेरा असतो. त्यामुळे मान वळविण्याची सवयच लागत नाही. कॅमेरा गाडीच्या अगदी मागचे दाखवितो. बाजूने धावत येणारे मूल तो वेळेत दाखवीलच, असे नाही. शिवाय उलट्या दिशेने जाताना गाडीचे पुढचे टोक बाहेरच्या बाजूला फिरते, याचे भान राहत नाही आणि मागचा खांब चुकवता चुकवता पुढचा खांब लागतो.

वळताना उजवीकडचे वळण कापून घेणे, डावीकडे वळताना आधी उजवीकडे झोका देणे, वळल्यानंतर इंडिकेटर तसाच चालू ठेवणे, थांबरेषेच्या पुढे जाऊन थांबणे, या चुका वर्षानुवर्षे मोटारीत मागे बसून पाहिलेल्या सवयींतून येतात. उमेदवाराने त्या कोणत्याही शिकवणीत शिकलेल्या नसतात. अलका टॉकीज चौकात किंवा स्वारगेटच्या जेधे चौकात सिग्नल सुटण्यापूर्वी थांबरेषेवर किती वाहने उभी असतात आणि झेब्रा क्रॉसिंगवर किती, हे कोणताही पुणेकर डोळे मिटून सांगू शकेल. घरातील मोठ्यांनी रोज केलेली चूक मुलगा किंवा मुलगी चाचणीत निरागसपणे करते. नापास होते तेव्हा खरे तर ते घर नापास झालेले असते.

शेवटची चूक गाडी थांबल्यावरची. परीक्षा संपली या आनंदात गाडी गिअरमध्ये सोडून किंवा हँडब्रेक न लावता उतरणे, मागे न पाहता दार उघडणे, यात चांगली दिलेली चाचणी हातची जाऊ शकते. लक्ष्मी रस्त्यावर उभ्या गाडीचे असे अचानक उघडलेले दार दुचाकीस्वाराला थेट मागून येणाऱ्या बससमोर फेकू शकते.

ब्रिटनची यादी काय सांगते?

या संदर्भात ब्रिटनचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील परवाना चाचणी प्रत्यक्ष रहदारीत होते. किरकोळ चुका पंधरापर्यंत माफ असतात. मात्र एकही गंभीर वा धोकादायक चूक झाली की उमेदवार अनुत्तीर्ण ठरतो. नापास होण्याची दहा प्रमुख कारणे तेथील सरकारी यंत्रणा जाहीर करते. त्या यादीत वर्षानुवर्षे अग्रस्थानी असते ते चौकात नीट न पाहणे. दिशा बदलताना आरशाचा योग्य वापर न करणे आणि सुरक्षितपणे गाडी न हलविणे ही कारणेही यादीच्या वरच्या भागात असतात. उलटी गाडी घेऊन पार्किंग करण्यातील चूक त्या यादीत येते, पण बरीच खाली. म्हणजे आपल्याकडे उमेदवार ज्या गोष्टीला सर्वाधिक घाबरतो, ती खऱ्या रस्त्यावरच्या परीक्षेत तुलनेने गौण ठरते आणि ज्या गोष्टीचा तो विचारही करत नाही, ती पहिल्या क्रमांकावर येते.

आपल्याकडील अपघातांचे आकडेही याच दिशेने बोट दाखवितात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ७४ हजार ८९७ दुचाकीस्वार होते आणि ३२ हजार ८२५ पादचारी. या दोन गटांचा एकत्रित वाटा सुमारे ६४ टक्के होतो. आरशाच्या कोपऱ्यात हरवणारी आणि झेब्रा क्रॉसिंगवर थांबून राहणारी माणसे हीच आहेत. प्रत्येक मृत्यू न पाहिल्यामुळेच झाला, असे अर्थातच म्हणता येणार नाही. अतिवेग, मद्यपान, रस्त्यांची रचना ही कारणे मोठी आहेत. तथापि, दुसऱ्या वाहनचालकाच्या नजरेवर ज्यांचा जीव सर्वाधिक अवलंबून असतो, असे हे दोन गट आहेत, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

नवले पुलाचा धडा

नियमांतील एखादे कोरडे वाटणारे कलम किती महत्त्वाचे असते, याचा अनुभव पुण्याने २० नोव्हेंबर २०२२ रोजी घेतला. मुंबई-बंगळूर महामार्गावर कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर एका अवजड वाहनाने पुढील वाहनांना धडका दिल्या आणि एकामागोमाग ४८ वाहनांचे नुकसान झाले. उतारावर चालकाने इंजिन बंद केले होते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले. इंधन वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची किंवा इंजिन बंद करण्याची सवय मालवाहू वाहनांच्या चालकांपुरती मर्यादित नाही. कात्रज घाट उतरणारे अनेक मोटारचालक आणि दुचाकीस्वारही ती अभिमानाने सांगतात.

इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारे साह्य जाते आणि स्टिअरिंग जड होते. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध मिळत नाही, सारा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होतात. म्हणूनच उतारावर तत्परतेने खालच्या गिअरमध्ये येता आले पाहिजे, असे पंधराव्या नियमात स्वतंत्रपणे नमूद केले आहे. सपाट मैदानावरील चाचणीत या कलमाची परीक्षा होणे अवघड आहे. ती झाली नाही, तरी उतार कोणाला सोडत नाही.

शिकवणीचे तास

मग शिकविण्यात काय कमी पडते? ड्रायव्हिंग स्कूलसाठीच्या नियमांनुसार खासगी वाहनाच्या प्रशिक्षणाचा कालावधी किमान २१ दिवसांचा आणि प्रत्यक्ष गाडी चालविण्याचा वेळ किमान दहा तासांचा असला पाहिजे. दहा तास ही किमान मर्यादा आहे. तीही एका गाडीत दोन-तीन जणांना बसवून वाटून घेतली गेली, तर प्रत्येकाच्या वाट्याला काय येते, हे सांगायला नको. त्यात रात्रीची, पावसातली आणि गर्दीच्या वेळची गाडी किती जण चालवितात, हा प्रश्न वेगळाच. अखेरचे काही दिवस तर मार्गाची घोकंपट्टी चालते. या खांबाजवळ स्टिअरिंग एक फेरा, त्या रेषेजवळ दीड फेरा. हा मंत्र त्या मैदानावर उपयोगी पडतो, फर्ग्युसन रस्त्यावर नाही.

कच्च्या लायसन्सची परीक्षा जून २०२१ पासून राज्यात घरबसल्या ऑनलाइन देण्याची सोय झाली. सामान्य माणसाचे हेलपाटे वाचले, हे निर्विवाद. मात्र घरात बसून दिलेल्या परीक्षेत उत्तरे नेमकी कोण देतो, ही शंका तेव्हापासून उपस्थित होत आली आहे. रस्त्यावरील चिन्हे स्वतः न वाचलेला उमेदवार तीस दिवसांनी प्रत्यक्ष चाचणीला उभा राहतो, तेव्हा त्याच्या चुकांचे मूळ त्या पहिल्या परीक्षेत असते.

केंद्राने १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू केले. त्यानुसार हलक्या वाहनांसाठी चार आठवड्यांत २९ तासांचा अभ्यासक्रम असून त्यातील २१ तास प्रात्यक्षिकाचे आहेत. म्हणजे जुन्या किमान मर्यादेच्या दुपटीहून अधिक. अशा केंद्रातून उत्तीर्ण झालेल्याला परिवहन कार्यालयातील चाचणीतून सूट मिळते. या तरतुदीचा विपर्यास होऊन ‘१ जून २०२४ पासून आरटीओची चाचणी बंद’ अशी आवई उठली होती. नियमांत असा कोणताही नवा बदल नसल्याचा खुलासा त्या वेळी मंत्रालयाला करावा लागला. चाचणी टळण्याच्या बातमीने इतक्या लोकांना आनंद व्हावा, यातच परवान्याकडे पाहण्याची आपली दृष्टी स्पष्ट होते.

नापास होणे म्हणजे काय?

अनुत्तीर्ण उमेदवाराला सात दिवसांनंतर पुन्हा चाचणी देता येते. तीनदा अपयश आल्यास मात्र शेवटच्या चाचणीपासून साठ दिवस थांबावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा उमेदवाराने सुधारणात्मक प्रशिक्षण घेणेही आवश्यक ठरले आहे. कायद्याचा रोख येथे शिक्षेपेक्षा शिकण्याकडे आहे. व्यवहारात मात्र पहिल्या अपयशानंतर उमेदवार शिक्षकाकडे जाण्याऐवजी एजंटाकडे जातो. ‘पुढच्या वेळी बघून घेऊ’ या आश्वासनावर विसंबतो आणि चूक जिथल्या तिथे राहते. विनापरवाना वाहन चालविल्यास त्याच दुरुस्तीने दंड पाचशे रुपयांवरून पाच हजार रुपयांवर गेला. त्यामुळे परवाना मिळविण्याची घाई वाढली, पण शिकण्याची ओढ त्या प्रमाणात वाढल्याचे दिसत नाही.

यावर काही उपाय फार खर्चाचे नाहीत. अनुत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला नेमकी कोणती चूक झाली, हे पंधराव्या नियमातील कलमानुसार लेखी कळविले जावे. अशा चुकांची एकत्रित यादी कार्यालयनिहाय दरवर्षी प्रसिद्ध व्हावी. पुण्यात सर्वाधिक उमेदवार कशात चुकतात, हे कळले तर ड्रायव्हिंग स्कूलची शिकवणी तिकडे वळेल. आखीव मार्गावरील चाचणीला थोडा वेळ तरी प्रत्यक्ष रहदारीतील चाचणीची जोड मिळाली, तर नियमातील उरलेल्या कलमांनाही अर्थ प्राप्त होईल. आणि घरच्या गाडीत शेजारी बसलेल्या आई-वडिलांनी ‘क्लच सोड’ म्हणण्यापूर्वी ‘मागे पाहिलेस का’ असे विचारण्याची सवय लावून घेतली, तर त्यासाठी कोणत्याही अधिसूचनेची गरज नाही.

आठचा आकडा एकदाच काढायचा असतो. उजव्या खांद्यावरून मागे पाहायचे असते ते पुढची तीस-चाळीस वर्षे, दररोज. चाचणीच्या मैदानावर मान वळवायला विसरलेल्या उमेदवाराचा एक गुण जातो आणि आठवड्याने तो परत मिळविता येतो. रस्त्यावर त्याच विसरण्याची किंमत बहुतेक वेळा दुसराच कोणी मोजतो आणि त्याला फेरपरीक्षा नसते.